जुन्या डोळ्याचा निळा

१

डोळ्याची पट्टी काढून दादा घरी आले आणि घोटभर पाणीसुद्धा न पिता बैठकीच्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. भिंतीवर त्यांचं तळं होतं. दादा चित्रकार, हयातीत चित्रं पुष्कळ काढली, पण लोकांच्या तोंडी राहिलं ते एकच. पहाटेचं निळं पाणी, काठावर निळी शाल पांघरून बसलेली त्यांची बायको, आणि पाण्याला जेमतेम टेकलेला तिचा हात. ती गेली तेव्हापासून दादांनी नवं चित्र काही काढलं नव्हतं. रोज सकाळी खुर्ची ओढून ते या तळ्यापाशी बसत.

"हे माझं नाही," दादा म्हणाले.

मागून औषधांची पिशवी घेऊन आलेल्या आत्यांना वाटलं, पिशवीबद्दलच बोलताहेत. आत्या म्हणजे दादांची धाकटी सख्खी बहीण, पण भाच्याच्या तोंडून ऐकून ऐकून सगळं घर त्यांना आत्याच म्हणे, खुद्द दादासुद्धा. त्यांचा उभा जन्म विमा कंपनीत गेला होता, जळिताचे दावे तपासण्यात. आग लागली की लावली, हे त्या राखेच्या वासावरून सांगतात, असं त्यांचे सहकारी म्हणत. आत्या स्वतः तसं म्हणत नसत. कोणी म्हटलं तर अडवतही नसत.

"तळं म्हणतोय मी. कोणीतरी अस्सल नेलं आणि हे लटकावून ठेवलं. हा निळा बघ. असला भडक निळा मी आयुष्यात लावला नाही."

"बाबा, डॉक्टर म्हणालेच होते," दादांचे चिरंजीव समजुतीच्या सुरात म्हणाले. "मोतीबिंदू काढला की सुरुवातीला सगळंच निळं दिसतं. चित्र तेच आहे. मी रोज बघतो ना."

"तू रोज फोनमध्ये बघतोस," दादा म्हणाले. "घराची किल्ली तुझ्याकडे आणि बोरूकडे. तू चित्राला हात लावत नाहीस, कारण तुला त्यातलं काही कळत नाही. राहिली कोण?"

बोरू दादांची शिष्या. अंगाने इतकी सडपातळ की पहिल्याच दिवशी दादांनी तिचं बारसं उरकून टाकलं होतं. स्टुडिओ तीच सांभाळायची. दादांच्या शब्दावर संग्रहालयाच्या दुरुस्ती विभागात तिला जागा मिळाली होती, आणि त्याच संग्रहालयाच्या बाई आज दुपारी तळं न्यायला यायच्या होत्या.

"त्या आल्या की पहिलं हेच सांगणार," दादा म्हणाले. "चोराच्या हाती संग्रहालयाच्या किल्ल्या देऊ नका म्हणून."

बोरू स्टुडिओच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि ती आत निघून गेली. एका पोरीचं सगळं आयुष्य आता दुपारपर्यंत टांगणीला लागलं होतं, हे आत्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पदर खोचला.

चित्र खाली उतरवून, काच काढून त्यांनी पर्समधलं भिंग काढलं. भिंगाखाली ना कुंचल्याचा फटकारा होता, ना जलरंगाचा ओघळ. नुसते ठिपके होते. निळे, फिके निळे, गुलाबी, पिवळे, मधूनच एखादा काळा. पिठाच्या चाळणीतून पडावेत इतके बारीक. आत्यांनी भिंग बाजूला केलं तर परत पहाट झाली. भिंग धरलं की धूळ, काढलं की पहाट. त्यांनी चार वेळा करून पाहिलं आणि चारी वेळा त्यांच्या अंगावर काटा आला. इतक्याशा शायांतून एवढी पहाट उभी राहते, हे त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

पण काटा आला म्हणून पुरावा बदलत नाही. दादांचं म्हणणं खरं होतं. भिंतीवर टांगलेलं तळं छापलेलं होतं.

२

"प्रिंटर आहेत किती, तुमच्या या घरात?" आत्यांनी चिरंजीवांना विचारलं.

"दोन. आणि दोन्हींवरून महाभारत झालंय," चिरंजीव म्हणाले. त्यांचं ऑफिस घराच्याच पुढच्या खोलीत होतं. ते दादांच्या चित्रांची कार्डं आणि पत्रकं छापून देत. "माझा टाकीवाला. चार शाया, बाटलीनं ओतायच्या, पानामागे खर्च नगण्य. मी बाबांना म्हटलं, स्टुडिओतही हाच घ्या. तर बोरू आडवी आली. म्हणे चित्रांसाठी सहा शायांचाच हवा, शाई पिग्मेंटचीच, पाण्यानं न फुटणारी हवी, कागद जाड आणि बिनचकाकीचाच हवा. किंमत ऐकून मला घेरी आली. पण बाबा तिचंच ऐकतात."

"का हवा म्हणाली सहाचा?"

"विचारलं मी. म्हणाली, फिकं आभाळ चार शायांत दाणेदार येतं. मी म्हटलं, दाणेदार आभाळ बघायला भिंग घेऊन कोण बसतंय?"

"मी बसतेय," आत्या म्हणाल्या. "तुझं एखादं कार्ड दे."

चिरंजीवांनी तळ्याचं छोटं कार्ड दिलं, त्यांच्याच टाकीवाल्यावर छापलेलं. आत्यांनी भिंग धरलं. पाण्याच्या गडद भागात सगळं झकास होतं. पण आभाळाच्या फिक्या कोपऱ्यात मोकळ्या कागदावर गडद निळे ठिपके लांबलांब विखुरले होते. मग त्यांनी मोठं चित्र पाहिलं. तिथं तेच आभाळ मलमलीसारखं सलग होतं, कारण फिक्या जागी फिक्याच निळ्या शाईचे ठिपके दाटीनं बसले होते. ज्या प्रिंटरकडे फिकी शाई वेगळी आहे, त्याला गडद शाई विरळ शिंपडावी लागत नाही. सगळा फरक एवढाच होता.

आत्यांनी बोट ओलं करून कडेच्या आभाळावर हळूच फिरवलं. शाई फुटली नाही. तेच त्यांनी कार्डावर केलं, तर आभाळ बोटाला आलं.

"म्हणजे माझ्यावरचा संशय गेला?" चिरंजीवांनी आशेनं विचारलं.

"तुझ्यावर नव्हताच. तू चोरी केली असतीस तर स्वस्तात केली असतीस."

चिरंजीव हसले, पण आत्या हसल्या नाहीत. हे चित्र स्टुडिओतल्या प्रिंटरमधूनच निघालं होतं, आणि त्या प्रिंटरला बोरूशिवाय दुसरं कोणी हात लावत नसे.

३

चौकटवाल्याचं दुकान कोपऱ्यावरच होतं. आत्यांनी रिकामी चौकट त्याच्यापुढे उलटी ठेवली.

"चौकट माझीच आहे," तो म्हणाला, "पण मागची ही चिकटपट्टी माझी नाही. मी तपकिरी कागदी पट्टी लावतो. ही ऑफिसातली. आणि हे बघा, थरावर थर. एक काढली की खाली दुसरी. ही चौकट कोणीतरी सारखी उघडतंय."

"दादा उघडत असतील?"

"त्यांनीच तर मला मागून सहज उघडेल अशी करायला लावली. म्हणाले, निळा उतरतोय रे, अधूनमधून जरा हात फिरवावा लागतो. मी म्हटलं, दादा, झालेलं चित्र ते, आता कशाला? तर चिडले. कलावंत माणूस, आपण काय बोलणार?" त्यानं पट्टीचा एक थर नखानं सोलला. "पण हे काम त्यांचं नाही. त्यांचे हात थरथरतात. ही पट्टी बघा किती सरळ लावलीय."

आत्या चौकट काखेत मारून परत निघाल्या. बोरूचं काम सरळ असे. कागद कापतानाही तिला फूटपट्टी लागत नसे. आणि तरीही एक गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना. चोर चौकट एकदा उघडतो. एकदा बदललेलं चित्र पुन्हा पुन्हा बदलायला कोण जातं?

४

स्टुडिओत बोरू प्रिंटरसमोर बसली होती. मशीन घुमत होतं, आणि त्यातून रंगीत पट्ट्यांचा एक कागद सावकाश बाहेर येत होता.

"चालू नाही ठेवला तर शाई सुकते, नोझलची भोकं बुजतात," ती म्हणाली. "उद्यापासून मी नसेन. म्हणून म्हटलं शेवटचं एकदा."

आत्यांनी तो कागद उचलून पाहिला. बाहेर एवढं वादळ, आणि ही पोर मशीनचं नाक मोकळं ठेवण्याची काळजी करत होती.

त्यांनी खोली न्याहाळली. कोपऱ्यात शाईच्या रिकाम्या कार्ट्रिजचा खोका होता, परत पाठवायला ठेवलेला. आत्यांनी त्यात हात घातला. निळं, फिकं निळं, निळं, परत फिकं निळं. पिवळं आणि गुलाबी शोधावं लागलं. मग कागदाचं कपाट. आत दमट हवा शोषणाऱ्या पुड्या, आणि कागदांचे खोके एकावर एक रचलेले. वरचे नवे, फोडलेले. सर्वात खाली एक जुनाट खोका, कडा पिवळ्या पडलेल्या.

गोदामांचा सगळा अनुभव आत्यांच्या डोक्यात एकदम जागा झाला. जुना माल आधी काढतात. इतक्या टापटिपीच्या मुलीनं सर्वात जुना खोका तळाशी तसाच का ठेवावा?

त्यांनी खोक्याकडे हात नेला मात्र, बोरू उठून मध्ये उभी राहिली.

"आत्या, नका उघडू. बाईंना सांगून टाका, मीच घेतलं. चित्र मीच बदललं. छापलंही मीच. झालं?"

"घेतलंस तर कुठंय?"

"ते नाही सांगणार."

"विकलंस?"

बोरूनं मान हलवली. ती हो होती की नाही, ते तिलाही ठाऊक नसावं.

आत्यांनी नोकरीत कबुलीजबाब ढिगानं ऐकले होते. शिक्षा कमी व्हावी म्हणून लोक कबूल होतात, हे त्यांना माहीत होतं. पण प्रश्न थांबावेत म्हणून कबूल होणारं माणूस नेहमी दुसऱ्या कोणाला तरी झाकत असतं. इथं झाकण्यासारखं होतं कोण?

बैठकीतून दादांचा आवाज आला. "आत्या, बाई निघाल्यात म्हणे. पोचतीलच."

५

आत्या बैठकीत आल्या. दादा खिडकीशी उभे होते आणि बाहेर उपड्या घातलेल्या एका साध्या बादलीकडे बघत होते.

"प्लॅस्टिकची बादली आहे," दादा म्हणाले. "पण तिचा निळा बघून मला मघाशी रडू आलं. जगात एवढा निळा होता, आणि मला कोणी सांगितलं नाही."

आत्यांचं पाऊल जागच्या जागी थांबलं. त्यांनी छापील चित्र उचलून दादांसमोर धरलं.

"दादा, एक डोळा झालाय ना तुझा? उजवा. दुसरा अजून तसाच आहे. उजवा हातानं झाक आणि डाव्यानं बघ."

"हा काय पोरखेळ?"

"माझ्यासाठी खेळ."

दादांनी उजवा डोळा झाकला. डाव्यानं चित्र निरखलं. मग त्यांचा चेहराच बदलला.

"हे माझं," ते हळूच म्हणाले. "हेच माझं तळं."

"आता डावा झाक."

"हे नाही. हे नाही माझं." त्यांनी हात काढला, परत ठेवला, काढला. "आत्या, हे काय चाललंय?"

आत्यांच्या मनात एकेक दुवा जागेवर बसत गेला, आणि त्या स्वतःच थक्क होऊन उभ्या राहिल्या. चोर नक्कल करतो ती अस्सलाबरहुकूम. ही नक्कल अस्सलाबरहुकूम नव्हतीच. ती दादांच्या जुन्या, पिवळट पडलेल्या डोळ्यासाठी बेतलेली होती. त्या डोळ्याला निळा कमी दिसायचा, म्हणून चित्रात तो तेवढाच जास्त घातला होता. आणि डोळा तर एका दिवसात मंदावला नव्हता. म्हणून चौकट पुन्हा पुन्हा उघडली, पट्टीवर पट्टी चढली, निळ्या कार्ट्रिजचा खच पडला.

"दादा, तू चित्रावर शेवटचा हात कधी फिरवलास?"

"पूर्वी फिरवायचो. निळा उतरायचा ना. मग बोरूनं काच बदलली. त्यानंतर निळा उतरला असं म्हटलं की ती म्हणायची, काचेवर धूळ बसलीय सर, पुसून आणते. आणली की पहिल्यासारखं. मग मला ब्रश लावावाच लागला नाही."

आत्यांनी छापील चित्र खाली ठेवलं. काचेवर धूळ कधीच नव्हती. धूळ डोळ्यात होती, आणि ती पोर दर खेपेला नवं तळं छापून आणत होती. बोरू ज्याला झाकत होती, तो माणूस त्यांच्यासमोरच उभा होता.

६

"आत्या, त्यांना सांगू नका," बोरू दारातून म्हणाली. ती केव्हा आली ते कळलं नव्हतं. "मी चोर म्हणून गेले तर काय बिघडतंय? मला दुसरीकडे काम मिळेल."

"काय सांगू नका?" दादा म्हणाले. "मी म्हातारा झालो असेन, बहिरा नाही. खोका आण."

बोरूनं आत्यांकडे पाहिलं. आत्या क्षणभर विचारात पडल्या. आयुष्यभर त्यांनी खरं शोधलं होतं ते कंपनीसाठी. ते कोणाला किती लागेल हे बघायची जबाबदारी त्यांच्यावर कधी नव्हती. आज होती. पण एक निष्पाप पोर चोर ठरण्याच्या बदल्यात कोणालाच सुख देता येत नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

"आण," त्या म्हणाल्या.

खोक्यात वर पातळ कागदात गुंडाळलेले प्रिंट होते. बोरूनं ते बैठकीपासून स्टुडिओपर्यंतच्या अरुंद वाटेत फरशीवर एकापुढे एक मांडले, ताजा भिंतीपाशी आणि जुना पलीकडे. चिरंजीव दारात येऊन थबकले. एरवी त्यांनी कागदाचा खर्च काढला असता. आज त्यांनी एक सरकलेला कागद वाकून सरळ केला.

अलीकडचं तळं निळंभोर, जवळजवळ शाईसारखं. त्यापुढचं किंचित हलकं. त्यापुढचं आणखी. कुठल्याही दोन शेजारच्या कागदांत फरक दिसत नव्हता, पण रांगेवरून नजर फिरवली की वर्षानुवर्षांची एक संध्याकाळ उलटी पहाटेकडे जात होती. एका माणसाची नजर कशी विझत गेली, ते त्या फरशीवर पायरी पायरीनं मांडलेलं होतं. आत्यांनी जळकी गोदामं पाहिली, वितळलेल्या तिजोऱ्या पाहिल्या, पण इतकं मोठं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी नकळत हात जोडले.

दादा नव्या डोळ्यानं ती रांग बघत चालले. कागदावर पाय पडू नये म्हणून भिंतीला धरून, एकेका तळ्यापाशी थांबत.

"हा सगळा मी आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमचा डोळा आहे, सर. तुम्ही निळा उतरला म्हणालात की मी थोडा वाढवायची. डॉक्टरांकडे चला म्हटलं की तुम्ही चिडायचात. आत्यांचं ऐकलंत म्हणून बरं. तुम्ही उद्या येणार होतात, आज बाई यायच्या आत मी अस्सल परत लावून त्यांना देणार होते. तुम्ही एक दिवस आधी आलात."

"लावायचं होतंस. त्यात लपवण्यासारखं काय होतं?"

बोरूनं खोक्याकडे पाहिलं. खोक्याच्या तळाशी एक कागद उरला होता. तो तिनं काढला नाही. दादांनीच वाकून उचलला, आणि खिडकीशी नेऊन उलगडला.

ते अस्सल होतं. आभाळ इतकं हळुवार की कागदानंच श्वास सोडावा. पाणी तसंच. आणि काठावर शालीच्या जागी जाड, निबर निळ्या रंगाचा लपका. थरावर थर. शालीच्या कडेवरून ओघळून तो पाण्यापर्यंत गेला होता.

"हात कुठे गेला?" दादा म्हणाले.

सगळ्या छापील चित्रांत तो हात होता; बोरूनं जुन्या फोटोवरून तो कॉम्प्युटरवर परत जुळवून घेतला होता. अस्सलात तो निळ्याखाली बुडाला होता. तो निळा दादांनीच लावला होता, रोज थोडा, प्रेमानं, तिची शाल फिकी पडू नये म्हणून.

दादांना कळलं. ते उभे होते तसेच खिडकीच्या कट्ट्यावर टेकले, आणि आत्यांना वाटलं, आता हा माणूस मोडणार. तो मोडू नये म्हणूनच बोरू सगळं सोसायला तयार झाली होती.

"आणखी किती दिवस मी हात फिरवला असता?" दादांनी विचारलं.

"चेहऱ्यापर्यंत आला होतात, सर," बोरू म्हणाली. "म्हणून बदललं."

दाराची घंटा वाजली. संग्रहालयाच्या बाई आत आल्या आणि फरशीवरची ती तळ्यांची रांग बघून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. त्यांनी चपला बाहेर काढून ठेवल्या.

"यातलं कोणतं न्यायचं?" शेवटी त्यांनी विचारलं.

दादा उठले. अस्सल चित्र त्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं.

"मी तुम्हाला सांगणार होतो, की या मुलीनं माझं चित्र चोरलं," ते म्हणाले. "तसं चोरलंच. माझ्या हातातून ओढून नेलं, म्हणून माझ्या बायकोचं तोंड तरी उरलं. तुमच्या दुरुस्ती विभागात पहिलं काम हिला हेच द्या. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका. मलासुद्धा."

त्यांनी चित्र बोरूच्या हातात दिलं. बोरूनं ते घेतलं, पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, म्हणून आधी तिनं ते लांब धरलं. जलरंगावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नसतो.

"सर," ती म्हणाली, "सगळा निळा काढू? की तुमचा म्हणून थोडा राहू दे?"

दादांनी जुना डोळा झाकला आणि नव्यानं एकदा त्या लपक्याकडे नीट पाहिलं.

"राहू दे बाकीचा," ते म्हणाले. "तिचा हात तेवढा मोकळा कर."